बोटभर कमी पडलेली धाव

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेच्या कडेला केशवरावांचा रिमांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते केशवरावांच्या समाधानासाठी. खरं पाहिलं तर पत्र्याच्या दोन शेड. पुढच्या शेडमध्ये लोखंडी पट्टी कापायची, रोलरमधून गोल वाकवायची आणि तिची दोन टोकं वेल्डिंगनं जोडायची. तिथं चार माणसं होती, रेडिओ होता, दिवसभर थट्टामस्करी चालायची. मागच्या शेडमध्ये एक मशीन होतं आणि एक माणूस. त्या शेडचं दार बाजूच्या रस्त्यावर उघडत असे आणि दारासमोर, रस्त्यापलीकडे, भैयाजीचं चहाचं हाटेल होतं.

मशीन म्हणजे कमरेएवढ्या उंचीची लोखंडी बैठक. तिच्यावर गोल मांडलेल्या आठ जाड पाकळ्या आणि मधोमध एक सुळका. जोडलेलं कडं पाकळ्यांभोवती टेकवायचं आणि दांडा दाबायचा. मोटर घरघरली की सुळका खाली ओढला जाई, पाकळ्या बाहेर सरकत आणि कडं चहूबाजूंनी एकदम ताणलं जाई. मग दाब काढायचा, कडं अर्ध्या पाकळीएवढं फिरवायचं आणि पुन्हा दाबायचं, म्हणजे दोन पाकळ्यांच्या फटीसमोर राहिलेला चपटेपणा निघून जाई. असं दोनदा ताणलं की कडं बरोबर मापाला येई. टायरच्या बैलबंड्या तेव्हा गावोगाव होऊ लागल्या होत्या आणि त्यांच्या रिमा इथून जात.

माणसाचं नाव भोजराज. बोलणं जेवढ्यास तेवढं. पण कडं मशीनवर ठेवण्याआधी दर वेळी तो विचारी, "टेकवू का?" शेडमध्ये दुसरं कुणी नसे. तो क्षणभर थांबे आणि मग स्वतःच म्हणे, "टेकव." दिवसाला तीस-चाळीस कडी, म्हणजे तीस-चाळीस वेळा हा संवाद. पुढच्या शेडमधले सुरुवातीला हसले, मग कंटाळून हसायचे थांबले. केशवराव एकदा म्हणाले, "भोजराज, मशीनले इचारून राहिला का?"

"सवय हाये मालक," भोजराज म्हणाला आणि पुढचं कडं उचललं.

सवय एकोडीची होती. साकोली तालुक्यातल्या त्या गावात भोजराज आणि त्याचा धाकटा भाऊ घनश्याम वडिलांच्या मागे लोहारकी करत. दोघांत सहा वर्षांचं अंतर. भोजराजची बायको गिरजाबाई लग्नानंतर चौथ्या वर्षी तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. घनश्यामची बायको कलाबाई दोघांना जेवायला वाढी आणि तिघांचं बरं चाललं होतं. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी हे रोजचंच, पण भावांचं नाव होतं ते धावेसाठी. लाकडी चाकाला बाहेरून जी लोखंडी पट्टी घट्ट बसवतात ती धाव. ती सैल राहिली तर वाटेत निसटते आणि फार घट्ट झाली तर चाकच मोडते. दोहोंच्या मधली ती बोटभर जागा या दोघांना सापडलेली होती, असं आसपासची सात गावं म्हणत.

धाव चढवायची तो दिवस सणासारखाच. शेण्या गोल रचून पेटवलेल्या आरात धाव लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते, मोठी होते. मग चिमट्यांनी उचलून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर आणायची, दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी खाली सोडायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, चाकाचे सांधे करकरत बसतात. एकट्यादुकट्याचं काम नाही ते. शेजारचे गडी चिमटे धरायला येत, बाया पाण्याचे गुंड भरून रांगेत उभ्या राहत, म्हातारे झाडाखाली बसून फुकटचे सल्ले देत. एका बाजूला भोजराज, समोर घनश्याम. भोजराज विचारी, "टेकवू का?" घनश्याम म्हणे, "टेकव." धूर आणि वाफ इतकी असे की समोरच्याचं तोंड दिसत नसे. तो एक शब्द आला की धाव खाली, नाही आला तर धाव वरच. वीस वर्षांत तो शब्द कधी चुकला नव्हता.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात चुकलं ते दुसरंच.

टेकचंद नावाच्या शेतकऱ्यानं बंडीची दोन चाकं आणली. जुनी धाव काढून भोजराजनं माप घेतलं. त्यासाठी वडिलांची एक लोखंडी चकती होती, पंज्याएवढी, दांडीवर फिरणारी. ती चाकाच्या कडेनं फिरवायची आणि फेरे मोजायचे. आठ फेरे आणि चार बोटं, भोजराजनं सांगितलं. घनश्यामनं तीच चकती नव्या पट्टीवर फिरवली आणि रिवाजाप्रमाणे दोन बोटं आखूड कापली, म्हणजे आवळायला जागा राहते. धाव जोडायला आठवडा लागणार होता, म्हणून टेकचंद चाकं घरी घेऊन गेला. पुढच्या सोमवारी परत घेऊन आला.

त्या सोमवारी धाव चाकावर नीट उतरेना. ठोकून ठोकून बसवली. पाणी ओतलं आणि वाफेतून आवाज आला, झाड मोडल्यासारखा. वाफ गेल्यावर सगळ्यांनी पाहिलं, चाकाचे आरे वाकले होते आणि बाहेरच्या गोलातलं एक लाकूड उभं चिरलं होतं. गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. गुंड घेऊन उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "आता बाप्पा, काय झालं हे?" आणि भोजराजनं, जरा दम खाऊन नंतर बोलावं एवढं साधं शहाणपण न दाखवता, सगळ्या गावासमोर उत्तर दिलं.

"यानं बोटभर जास्त कापलं."

घनश्यामच्या हातात अजून चिमटा होता. "तू सांगतलं तेवढंच कापलं मी, भाऊ."

"मी आठ फेरे आन चार बोटं सांगतलं होतं."

"आन मी तेवढंच मोजलं."

"मंग चाक काय आपल्या मनानं फुटलं?"

घनश्यामनं चिमटा खाली ठेवला. गाव पाहत होतं, आणि गावासमोर तोंडातून निघालेला शब्द घरात गिळता येत नाही. दुसऱ्या दिवशी भोजराजला वाटलं की आपण चारचौघांत बोलायला नको होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं की पण चूक त्याचीच आहे, तो येऊन म्हणेल. घनश्याम आला नाही. पंधरा दिवसांनी तो आणि कलाबाई सामान घेऊन कारध्याला गेले, वैनगंगेच्या काठी, तिच्या माहेरी. वडिलांचे चिमटे घनश्यामनं नेले. चकती भोजराजकडे राहिली. जायच्या सकाळी कलाबाईनं भात रांधून झाकून ठेवला होता. भोजराजनं तो संध्याकाळपर्यंत उघडला नाही.

पोळ्याला येईल, असं त्यानं धरलं. पोळा गेला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला तरी येईल. मंडईत लोकांनी त्याला विचारलं, "घनश्याम कोठी हाये?" आणि तो म्हणाला, "कामात हाये." आपण जावं असं मनात येई, पण मोठ्यानं जायचं कसं? चूक धाकट्याची, आणि जायचं मोठ्यानं? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशातली गत. कारधा काही काशी नव्हती. सकाळच्या बसनं निघाला असता तर दुपारच्या जेवणाला पोचला असता.

धावेचं काम त्यानं वर्षभर रेटलं. समोरच्या बाजूला यादोराव नावाच्या शेजाऱ्याला उभं करी. "टेकवू का?" विचारलं की यादोराव म्हणे, "हाव हाव, टेकवा ना भाऊ, कोण अडवलं?" तोवर धाव एका अंगानं कललेली असे. दोन चाकं वाकडी झाली. गावात टायरच्या बंड्या दिसू लागल्या, रबरी चाकांना धाव लागत नाही. आराची जागा गवतानं भरली. पाण्याचे गुंड घेऊन कुणी येईनासं झालं. भोजराज दोन माणसांचा भात शिजवी, अर्धा उरे, तोच सकाळी खाई. आपण एकटे आहोत हे त्याला भांडणाच्या दिवशी कळलं नव्हतं. ते त्या उरलेल्या भातानं कळवलं.

चौऱ्याहत्तर साली केशवरावांनी नागपूरहून ते मशीन जुनं विकत आणलं आणि कड्याची जाण असलेला माणूस शोधत एकोडीला आले. भोजराज पाहायला म्हणून शहापूरला गेला. केशवरावांनी त्याच्यासमोर एक कडं मशीनवर टाकलं. मापाला बोटभर कमी होतं. दांडा दाबला. आर नाही, धूर नाही, पाणी नाही, माणसं नाहीत. थंड लोखंड मुकाट्यानं ताणलं गेलं आणि बोटभर वाढलं.

भोजराजनं कड्यावरून हात फिरवला. "कमी पडलं का वाढवता येते," तो म्हणाला.

"त्यासाठीच तं आहे हे," केशवराव म्हणाले.

भोजराज मशीनशेजारी खालीच बसला. केशवरावांना वाटलं, उन्हानं चक्कर आली असेल. चक्कर नव्हती. हे मशीन तीन वर्षांआधी एकोडीत असतं, तर धाव बसत नाही म्हटल्यावर ती उतरवून जराशी ताणली असती, आणि संध्याकाळी दोघं भाऊ एका ताटाशी बसले असते, एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याला फार रडू आलं. इथं एखादा शहाणा माणूस उठून कारध्याच्या बसमध्ये बसला असता. भोजराज शहाणा नव्हता, कारागीर होता. तो मशीनवर कामाला लागला.

बारा वर्षं तो त्या शेडमध्ये होता. पुढच्या शेडमधले चहाला समोरच्या हाटेलात जात, याला हाक मारत. हा म्हणे, "तुम्ही व्हा समोर." मग त्यांनी हाक मारणं सोडलं. राहायला शेडच्या मागेच एक खोली होती. खुंटीला सदरा, कोनाड्यात ती चकती, फडक्यात गुंडाळलेली. घनश्यामची खबर उडत उडत येई. कारध्याच्या पुलाजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं म्हणे. वाकड्या रिंगा सरळ करण्यात हातखंडा आहे म्हणे. भोजराज ऐकून घेई, विचारीत काही नसे. कारध्याकडून आलेला माणूस मात्र तो लगेच जाऊ देत नसे. उगाच बंडीबद्दल विचारी, बैलांबद्दल विचारी, आणखी काही निघतंय का म्हणून वाट पाही.

शहाऐंशी सालच्या माघात टेकचंद शहापूरला आला. म्हातारा झाला होता. मुलानं टायरची बंडी करायची ठरवली होती, त्यासाठी रिमा न्यायला. त्यानं भोजराजला ओळखलं आणि शेडमध्ये येऊन पोत्यावर बसला. भोजराज कडी ताणत होता, तो कौतुकानं पाहत राहिला.

"हे चाक बरं बाप्पा," टेकचंद म्हणाला, "याले पानी नाई पाजा लागत."

"हाव," भोजराज म्हणाला.

"नाई तं आमचं लाकडाचं. दर उन्हायात बोडीत बुडवून ठेवा, तवा कुठं फुगते आन धाव धरते. माया बापानं ठेवलं, मी ठेवलं. थ्या साली तुम्ही माप घेतलं ना, तवाबी पाच दिवस बोडीत ठेवलो होतो मी चाकं."

भोजराजचा हात दांड्यावर होता. "कवा ठेवले?"

"तुमच्याकडून नेले तवा."

"मापाच्या आधी का मापाच्या नंतर?"

"नंतर. आधी कसा ठेवीन? माप घ्याले सुकंच आना म्हनलं होतं तुम्ही. मंग वाटलं, नवी धाव चढून राहिली, चाक मजबूत पाह्यजे. इतवारी काढले, उनात वाळवले आन सोमवारी घेऊन आलो."

मोटर चालूच होती. भोजराजनं ती बंद केली. बोडीत, म्हणजे तळ्यात, पाच दिवस बुडालेलं लाकूड वरून एका दिवसात वाळतं, आतून नाही. सुक्या चाकाचं माप आणि फुगलेल्या चाकावर धाव. आठ फेरे आणि चार बोटं बरोबर होती. कापलेली दोन बोटंही बरोबर होती. टेकचंद पुढं धानाच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होता. आपण काय सांगितलं हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि भोजराजनंही त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भोजराजनं सुट्टी मागितली. बारा वर्षांतली पहिली, त्यामुळे केशवरावांनी कारणही विचारलं नाही. त्यानं धुतलेला सदरा घातला, कोनाड्यातली चकती पिशवीत घातली आणि भंडाऱ्याची बस धरली. तिथून पूल ओलांडून पायी. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. तुयी चूक नव्हती, मायी बी नव्हती. दोघायची नव्हती रे. पुलावर त्यानं ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. खाली वैनगंगेत बाया कपडे धूत होत्या. बऱ्याच वर्षांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

घनश्याम दुकानासमोर पोत्यावर बसून सायकलचं चाक फिरवत होता. केस पांढरे झाले होते. कलाबाई आतून पाणी घेऊन येत होती, तिनं आधी पाहिलं. डोक्यावरून पदर ओढून ती नवऱ्याला म्हणाली, "भासरे आले."

घनश्यामनं चाक हातानं थांबवलं. "बस भाऊ," तो म्हणाला.

भोजराज बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं, टेकचंद, बोडी, पाच दिवस, फुगलेलं लाकूड. पिशवीतून चकती काढून पुढं धरली, जशी काही साक्षीदार. "तुयी चूक नव्हती घनश्याम. मायी बी नव्हती."

घनश्यामनं चकती घेतली, दांडीवर एकदा फिरवली. "मले माहीत हाये," तो म्हणाला.

"कवापासून?"

"थ्याच दिवाईपासून. टेकचंद लाखनीच्या बाजारात भेटला होता. थ्यानंच सांगतलं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू? सांगतलं असतं तं तू आला असता, माहीत हाये मले. चूक नाई म्हून आला असता." घनश्याम त्याच्याकडे पाहत नव्हता, चकतीकडे पाहत होता. "मले वाटे, चूक मायीच हाये असं समजून बी भाऊ एक दिवस येईल. बोटभर पट्टीसाठी भाऊ टाकून देते का मानूस? म्हून वाट पाह्यली."

"पंधरा साल?"

"पंधरा साल."

कलाबाई चहा घेऊन आली होती. दोघांपैकी कुणी हात पुढं करीना, म्हणून तिनं तो दगडावर ठेवला. खरं तर या दोघांनाही धरून एकदा गदागदा हलवायला हवं होतं, पण असल्या माणसांना हलवणारं कुणी उरलं नव्हतं. चहावर साय धरली.

शेवटी भोजराज म्हणाला, "एकडाव शहापूरले ये. मशीन पाह्य. थे बी कडंच हाये, पन थंडं."

"पाह्यली मी मशीन."

"कवा?"

"पाच-सहा साल झाले. सायकलीचं सामान घ्याले नागपूरले चाललो होतो, शहापूरले उतरलो. तुया शेडीसमोर हाटेल हाये ना, थ्या बाकावर बसलो घंटाभर. तू कडी चढवत होता." घनश्यामनं चकती खाली ठेवली. "तुये व्हट हालले का समजे मले, तू इचारत होता, टेकवू का म्हून. मी बाकावरून म्हनलं, टेकव."

भोजराज खाली बसला.

"मोटरच्या आवाजात तुले कुठून आयकू येते," घनश्याम म्हणाला. "तू आपलं तूच म्हनलं मंग. मी तीन डाव म्हनलं. मंग बस आली."

भोजराज त्या दिवशी कारध्याला जेवला. कलाबाईनं भात वाढला, त्यानं ताटातलं शीतही ठेवलं नाही. दोघं भाऊ फारसं बोलले नाहीत. बोलायचं ते बोलून झालं होतं आणि न बोललेलं पंधरा वर्षांचं इतकं होतं की कुठून उचलावं ते कळेना. निघताना घनश्याम म्हणाला, "येत जाय." भोजराज म्हणाला, "तू बी येत जाय." दोघंही खरंच तसं म्हणत होते, आणि दोघांनाही ठाऊक होतं की आता गुडघे दुखतात, दुकान बंद ठेवता येत नाही आणि माणसाला एकटं राहायची सवय लागली की ती सहजासहजी सुटत नाही. चकती घनश्यामकडे राहिली. पुलावरून परत येताना भोजराज काहीच म्हणाला नाही. त्याला रस्ताभर एकच गोष्ट छळत होती. चूक घनश्यामची असती, तर आपण कधी आलोच नसतो, आपण मेल्यावरच कुणीतरी त्याला बोलावलं असतं.

सकाळी सातला त्यानं मागच्या शेडचं दार उघडलं. जोडलेल्या कड्यांची चळत रात्रीच येऊन पडली होती. त्यानं मोटर सुरू केली, पहिलं कडं दोन्ही हातांत उचललं आणि पाकळ्यांवर धरलं.

"टेकवू का?" तो म्हणाला.

मग कडं एका हातानं सावरून त्यानं दुसरा हात बटणाकडे नेला. मोटर बंद केली. शेडमध्ये एकदम शांत झालं, पुढच्या शेडमधला रेडिओसुद्धा ऐकू येऊ लागला. त्यानं कडं तसंच हातात धरून रस्त्यापलीकडे पाहिलं. भैयाजी भट्टीत कोळसा घालत होता. बाकावर दोन ट्रकवाले पोहे खात बसले होते, बाकाचं एक टोक रिकामं होतं.

भोजराज बराच वेळ थांबला. मग त्यानं मोटर पुन्हा सुरू केली, "टेकव" म्हटलं आणि कडं खाली ठेवलं.